गोगलगाय-पाच

मॅडम : आधी बस. उभ्यानं बोललास की वाटतं, नुसता निरोप टाकून पळणार आहेस.

प्रमुख : बसतो. पण पाचच मिनिटं हं मॅडम. दार लावू का?

मॅडम : नको. साडेतीनला तिसऱ्या वर्षाची पोरं येतील प्रात्यक्षिकाला. मामा, यांचा फोन डब्यात घ्या.

मामा : द्या साहेब. स्टीलचा डबा आहे, झाकण घट्ट बसतं, फोनच्या लहरी बाहेर येऊन प्रयोगात लुडबुडत नाहीत. सगळ्यांचेच घेतो. बाईंचा आत आहे, माझाही आत आहे.

प्रमुख : राहू दे मामा. मला फोन यायचेत. विभागप्रमुखाचा फोन डब्यात गेला तर विभाग डब्यात जाईल.

मामा : गेलाय म्हणतात सगळे.

मॅडम : मामा, तुम्ही ती अँटेना जोडा बघू. आणि पाकीट, तू बोल.

प्रमुख : मॅडम, विद्यार्थ्यांसमोर तरी पाकीट म्हणू नका. आता मी तुमचा प्रमुख आहे.

मॅडम : प्रमुख झालास म्हणून काय झालं? एम.टेक.ला दर प्रयोगात हवेतून पाठवलेलं माहितीचं पॅकेट हरवायचास, तेव्हापासून पाकीटच आहेस. बरं, प्रमुख साहेब, बोला.

प्रमुख : निबंधाबद्दल बोलायचंय. परिषदेला पाठवलेला, तो. मागे घ्यावा लागेल.

मॅडम : कधी?

प्रमुख : आज पाचच्या आत. आज छपाईची शेवटची तारीख आहे. नंतर काही करता येणार नाही.

मॅडम : ते मला माहितीय. म्हणून तर मी उद्याची वाट बघत होते.

प्रमुख : कंपनीच्या वकिलाचं पत्र आलंय. संस्थेनं ना-हरकत द्यायला नको होती म्हणतात. आणि ना-हरकतीवर सही माझी आहे.

मॅडम : सही करताना वाचला होतास निबंध?

प्रमुख : गोषवारा वाचला होता.

मॅडम : अर्धा वाचला असशील. तोंडीच सांगते मग, ऐक. एकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात एक बटण घालतात. पडलं, छातीत दुखलं की ते दाबायचं. बटण घरातल्या यंत्राला हवेतून निरोप देतं, यंत्र पुढे मदत केंद्राला कळवतं. निरोप पोचला की बटणावर हिरवा दिवा लागतो. इथपर्यंत ठीक?

प्रमुख : हो, हे गोषवाऱ्यात होतं.

मॅडम : पुढचं नव्हतं. पोच कुणाकडून आली हे ते बटण तपासतच नाही. शेजारच्या घरात तसलंच यंत्र असलं, त्यानं त्याच्या घरच्या बटणाला पोच दिली, की आपलं बटणही ती स्वतःचीच समजून खूश. तेवढ्यात इकडे दाबलं तर हिरवा दिवा लागतो, बटण पुन्हा पाठवायचं थांबतं आणि निरोप कुठेच जात नाही. माणूस जमिनीवर पडून मदतीची वाट बघतं, आणि कुणाला पत्ताच नाही. चोर नको, दरोडेखोर नको. नुसता शेजार पुरतो.

प्रमुख : असं किती वेळा होतं?

मॅडम : या खोलीत शंभरातून अकरा वेळा झालं. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीनं चार वर्षं घालवली यात. मामांनी शेकडो वेळा बटणं दाबली.

मामा : अंगठा सुजला होता. डॉक्टरनं विचारलं काय करता, म्हटलं संशोधन.

प्रमुख : मॅडम, कामाच्या दर्जाबद्दल प्रश्नच नाही. प्रश्न प्रक्रियेचा आहे. कंपनीला पुरेसा वेळ द्यायला हवा होता.

मॅडम : काय म्हणालास?

प्रमुख : म्हणजे पत्रात तसं म्हटलंय.

मॅडम : आमच्या धंद्यात दोष सापडला की आधी बनवणाऱ्याला गुपचूप कळवायचं, नव्वद दिवस गप्प बसायचं, त्यानं दुरुस्ती केली की मग छापायचं. तुला मीच शिकवलंय. नव्वदाचे मी किती केले माहितीय? चौदा महिने. दर वेळी एकच मेल, "थोडी मुदत द्या, काम अंतिम टप्प्यात आहे." आणि दर वेळी मी दिली. कारण मला वाटलं, बटणं परत बोलवायची म्हणजे वेळ लागणारच.

प्रमुख : त्यांनी बोलावली नाहीत?

मॅडम : एकही नाही. सत्तेचाळीस हजार गळ्यांत तशीच लटकतायत.

प्रमुख : मला याची कल्पना नव्हती.

मॅडम : माझ्या नशिबी हे पहिल्यांदा नाही रे. दारांच्या कुलपांचा दोष सापडला, तेव्हा मी गप्प बसले आणि दुसऱ्या गटानं छापला. त्यांची जगभर भाषणं झाली, मला इथे परीक्षेच्या वेळापत्रकाचं काम मिळालं. त्याआधी रेल्वेच्या सिग्नलचं, तेही तसंच. एकतीस वर्षं बिनतारी संदेशवहन शिकवतेय. सुरुवातीला सगळे म्हणायचे, तार नाही तिथे शिकवणार काय, हवेतल्या गप्पा? आता प्रत्येकाच्या खिशात तेच आहे, तर पोरं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येणार का? पालथ्या घड्यावर पाणी घालून घालून माझे हात दुखले. आता निवृत्तीला आठ महिने राहिलेत. एक निबंध वेळेवर छापून यावा, एवढंच मागत होते.

प्रमुख : मॅडम, माझे हात बांधलेत हो. पत्र थेट वरून आलं. माझा त्या कंपनीशी काही संबंध नाही. मी त्यांना ओळखतही नाही.

मामा : बाई, अँटेनाच्या पडद्यावर नाव आलं बघा.

मॅडम : येऊ दे. कुणाचा तरी फोन असेल बाहेर.

मामा : बाहेरचा नाही वाटत. सिग्नलच्या जोराचा काटा पार टोकाला गेलाय. गोगलगाय-पाच. हे बघा, परत आलं.

मॅडम : काय आलं?

मामा : गोगलगाय. पुढे पाचाचा आकडा.

मॅडम : मामा, कपाटात कुणाचा फोन राहिलाय का?

मामा : नाही. मोजून डब्यात ठेवलेत. माझा तर बटणांचाच आहे, त्याला हवेतलं काही कळत नाही.

मॅडम : पाकीट, तुझा फोन जरा खिडकीशी नेऊन ठेव.

प्रमुख : कशाला?

मॅडम : ठेव तर. मामा, काटा?

मामा : उतरला. आता परत आणला तर चढतोय.

मॅडम : दुसऱ्या तासाला मी काय शिकवते, आठवतं?

प्रमुख : मॅडम, हा विषय आत्ता...

मॅडम : आत्ताच. साधं नेटवर्क स्वतःच आपलं नाव सांगत असतं, फोननं फक्त ऐकायचं. लपवलेलं नेटवर्क नाव सांगत नाही. मग एकदा त्याला जोडलेला फोन पुढे काय करतो?

प्रमुख : हाक मारतो.

मॅडम : नाव घेऊन हाक मारतो. घरी, बाजारात, जाईल तिथे. नेटवर्कवाले नाव लपवतात आणि पाहुण्यांचे फोन गावभर ते ओरडत फिरतात. या प्रश्नावर तू पाचापैकी पाच मिळवले होतेस, म्हणून मी तुला पास केलं.

प्रमुख : कुठलंही असू शकतं हे. एखाद्या हॉटेलचं असेल.

मॅडम : चौदा महिन्यांपूर्वी मी त्या कंपनीत गेले होते, दोष दाखवायला. पाचवा मजला, काचेची खोली, लपवलेलं नेटवर्क. फार संथ चालायचं, म्हणून त्यांच्याच पोरांनी गमतीनं हे नाव ठेवलेलं. मलाही हसू आलं होतं. आज तू समोर बसून सांगतोस की त्यांना ओळखतही नाहीस. गोगलगाय अन् पोटात पाय.

मामा : बाई, मी जरा बाहेर थांबतो. पोरं आली तर अडवतो.

मॅडम : किती वेळा गेलास?

प्रमुख : तीनदा.

मॅडम : माझ्यासमोर एकदा तरी बोलायचंस.

प्रमुख : बोललो असतो तर तुम्ही ऐकलं असतंत? मॅडम, तुम्ही चिडा, मला मान्य आहे. पण माझंही ऐका. या वर्षी तुमच्या विषयाला अकरा विद्यार्थी आलेत. पंधरा नसतील तर विषय बंद, असा ठराव झालाय. तुम्ही निवृत्त झालात की ही खोली जाणार. खुर्च्या ठेवायला मागितलीय कार्यालयानं, जुन्या खुर्च्या. मी बैठकीत भांडलो. कुणाला काही पडलेली नाही.

मॅडम : आणि कंपनी?

प्रमुख : ती इथे प्रयोगशाळा उभी करून देतेय. दोन खोल्या, सगळी उपकरणं, शिकवायला दोन माणसं. विषय दहा वर्षं तरी चालेल. मी अट घातली की नाव तुमचं द्यायचं. ते तयार झाले.

मॅडम : माझं नाव.

प्रमुख : हो. दारावर.

मॅडम : आणि त्या दारामागे, मला सापडलेलं सोडून बाकी सगळं शिकवायचं.

प्रमुख : कायमचं नाही. एक वर्ष थांबायचं, एवढंच म्हणतायत. तोवर ते दुरुस्ती करतील.

मॅडम : हे तू मनापासून बोलतोयस. त्याचाच मला जास्त त्रास होतोय. लबाड असतास तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

प्रमुख : मी हे तुमच्यासाठी केलं, मॅडम. या खोलीत मी शिकलो. तिथे खुर्च्या रचलेल्या मला बघवणार नाहीत.

मॅडम : खरं सांगू? क्षणभर मलाही मोह झाला. दारावर नाव, आत पोरं बसलेली. कुणाला नको असतं? पण मी मागे घेणार नाही. त्या मुलीच्या तोंडाकडे मला बघायचंय रोज. तुला थांबवायचं असेल तर ना-हरकत तू दिलीस, तूच परत घे. माझ्या हातानं नाही.

प्रमुख : तुम्ही स्वतःहून घेतलात तर बरं दिसलं असतं.

मॅडम : कुणाला?

प्रमुख : ठीक आहे. मीच पाठवतो. पण मला माफ करा.

मॅडम : ते नंतर बघू. टेबल घे ते, त्या लॅपटॉपची बॅटरी टिकत नाही, वायर लाव.

(प्रमुख लिहितात. तीनदा खोडतात. शेवटी एक कळ दाबतात.)

प्रमुख : गेलं.

मॅडम : गेलं म्हणजे गेलं. एकदा मागे घेतलेला निबंध ते परत घेत नाहीत. आता पुढच्या वर्षी, नव्यानं. तेव्हा मी घरी असेन, आणि ती मुलगी पाचव्या वर्षातून सहाव्यात.

मामा : बाई, पोरं आलीत. अकराची अकरा आहेत आज. सोडू का आत?

मॅडम : दोन मिनिटं थांबवा. डोळे पुसते आणि येते. चष्म्याला घाम आलाय म्हणून सांगा.

मामा : सांगतो. विश्वास नाही ठेवणार कुणी.

प्रमुख : मॅडम, एक विचारायचं राहिलं. ते बटण नक्की कुठलं? त्यांची दोन-तीन मॉडेलं आहेत ना?

मॅडम : पहिल्याच पानावर फोटो होता. गोल, पांढरं, मध्ये दिवा.

प्रमुख : म्हणजे जुनं. करड्या दोरीचं.

मॅडम : करड्या दोरीचंही आणि निळ्या दोरीचंही. आम्ही दोन्ही उघडून पाहिली. नवीन म्हणजे त्यांनी फक्त दोरी बदललीय. का रे?

प्रमुख : मला नवीन म्हणून दिलं त्यांनी. दुसऱ्या भेटीत. म्हणाले, यात काही अडचण नाही.

मॅडम : कुणासाठी दिलं?

प्रमुख : आईसाठी. बाबा गेल्यापासून दिवसभर एकटीच असते. आमच्या इमारतीत आणखी दोघींकडे आहे, त्यांचं बघून तीच मागे लागली होती. तीन महिने झाले, गळ्यातून काढत नाही. न्हातानासुद्धा नाही. त्या बटणाच्या जिवावर मी इथे निवांत बसतो.

मॅडम : कितव्या मजल्यावर आहेत त्या दोघी?

प्रमुख : एक शेजारीच. एक खाली.

मॅडम : अरे देवा.

प्रमुख : मॅडम, मी आता फोन करून तिला काढून ठेवायला सांगू? म्हणजे, चालेल ना तसं सांगितलं तर?

मॅडम : सांग. बाकीच्या सत्तेचाळीस हजारांचे मुलगे विभागप्रमुख नाहीत.