चौथ्या डोहाची नावाडीण

(पवनार. उन्हं कलली आहेत. ओसरीत मेथीचा ढीग पडला आहे आणि अण्णाजी, त्यांची बायको नलूबाई आणि पुतणी गोपिका जुड्या बांधत बसले आहेत.)

गोपिका: …अन् डोंगर चालते तो सीन दोनच सेकंद दाखवला, मोठेबाबा, पण काय दाखवला! मले वाटलं पुठ्ठ्याचा करतीन. नाई! खराच डोंगर उठला अन् चालाले लागला.

अण्णाजी: चालताना दगडं पडतेत का? पुस्तकात पडतेत.

गोपिका: पडतेत ना! चार दिवस झाले ट्रेलर येऊन, आमचा या पुस्तकाच्या वाचकायचा ग्रुप पागल झाला हाये. चार हजार लोकं! हिंगणघाटचे एक रिटायर मास्तर हायेत, ते तं रोज पाहून राह्यले म्हणे. 'सात डोहांचं राज्य'चा सिनेमा निघन असं कोणाले सपनात तरी वाटलं होतं का?

नलूबाई: तुले जुड्या बांधाची तरी शुद्ध हाये का? पाह्य, ही जुडी हाये का कडब्याची पेंढी?

गोपिका: थांब न व मोठीआई, खरी गोष्ट तं पुढंच हाये. आज पात्रांची यादी आली. चित्रांगी हाये, तिचा मुका भाऊ हाये, राक्षस हाये, राक्षसाचा स्वयंपाकीबी हाये. अन् येसामाय नाई!

अण्णाजी: …नाई?

गोपिका: नाई! चौथ्या डोहाची नावाडीण! जिच्या नावेत आपलं एक खोटं कबूल केल्याशिवाय कोणालेच बसता येत नाई! 'खोटं टाक, मंग पाय टाक.' तिलेच उडवलं. चार दिवस मले तिचीच धास्ती होती. वाटे, मेले तिले तरणीताठी करतीन, नथ घालतीन, नावेत नाचवतीन. पण सफा गायबच करतीन असं नव्हतं वाटलं.

अण्णाजी: सिनेमावाल्यायले टाइम कमी पडते बेटा. अडीच घंट्यात सात डोह म्हणजे…

गोपिका: टाइम कमी, तं मंग गरुडाले कसा भेटला?

अण्णाजी: कोणता गरुड?

गोपिका: यादीतच लेहलं हाये, सोन्याचा गरुड येते अन् चित्रांगीले उचलून चौथ्या डोहाच्या पल्याड ठेवते. मी मागच्या वर्षी नवी प्रत आणली, त्यातबी तेच, तुमाले वाईट वाटन म्हणून सांगतलं नाई. पयले छापणाऱ्यायनं येसामायले कापलं, मंग सिनेमावाल्यायनं त्याच्यावरूनच उचललं. मीबी सोडत नाई! दुपारीच ग्रुपवर लेहून टाकलं, आमच्या घरी जुनी प्रत हाये, सहा वाजता येसामायच्या पानाचा फोटो टाकते, मंग पाहू कोण खोटं बोलून राह्यलं. मोठेबाबा, पेटीची चाबी द्या.

अण्णाजी: पेटीत काय ठेवलं हाये आता… वाळवी लागली होती त्याले.

गोपिका: वाळवी पयल्या पानायले लागली, तुमीच सांगतलं होतं. द्या लवकर, पावणेसहा झाले.

नलूबाई: द्या न. काऊन दडवून राह्यले?

अण्णाजी: तू गप बस.

नलूबाई: सतरा वर्सं गपच हावो मी. पण आता चार हजार लोकायसमोर पोरीचं हसं होईन. तुमची नावाडीण काय म्हणे? खोटं टाका, मंग पाय टाका.

गोपिका: काय झालं? मोठेबाबा, माह्याकडं पाहा न.

अण्णाजी: गोपे… ते पान नाई हाये.

गोपिका: फाटलं?

अण्णाजी: नव्हतंच. वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडून आणलं होतं ते पुस्तक. मधातली बत्तीस पानं कोणं तरी भजे बांधाले नेली असतीन. चित्रांगी डोहाच्या अल्याड उभी, अन् पान पलटवलं तं पल्याड! कशी गेली, मले काय मालूम? तू सात वर्सांची, रोज मी तुले वाचून दाखवो. असेच जुड्या बांधत बसलो होतो, अन् तुह्यं एकच, 'कशी गेली, मोठेबाबा, कशी गेली?'

गोपिका: मंग?

अण्णाजी: मंग काय, सोडली मी नाव पाण्यात.

गोपिका: येसामाय तुमी केली?

अण्णाजी: त्या दिवशी तू जेवून नव्हती राह्यली. वासरू सुटून गेलं होतं, आपोआप सुटलं म्हणे तू. दावं कोणं सोडलं ते मले ठाऊक होतं. पण तुह्यं तोंड इतकुसं झालतं, दटावून विचाराचा जीव होईना. म्हणून मंग त्या नावाडिणीनं पार न्याचे पैसे नाई घेतले. खोटं घेतलं.

गोपिका: मी तेव्हाच सांगतलं होतं तुमाले. रडली होती मी.

अण्णाजी: अन् मंग दोन पोळ्या खाल्ल्या.

नलूबाई: तीन. मी वाढत होती.

गोपिका: म्हणजे कोणीच काई कापलं नाई.

अण्णाजी: नाई. गरुडच होता म्हणायचा. मले आज समजलं! हात् तिच्या, सतरा वर्सं डोकं खाल्लं माह्यं त्या बत्तीस पानायनं, अन् निघाला काय तं गरुड!

गोपिका: अन् मी येडीच! सारं पुस्तक शुद्ध बोलते. राजा शुद्ध, राक्षस शुद्ध. अन् येसामाय एकटी 'काऊन व पोट्टे' म्हणते! मले एक दिवस खटकलं नाई.

अण्णाजी: आवाज तुह्या मोठीआईचा घेतला होता.

नलूबाई: माह्या? बाप्पा! तिले तं दोनच दात होते!

अण्णाजी: दात माह्या मायचे.

नलूबाई: मंग ठीक हाये.

अण्णाजी: गोपे, रागावली का?

गोपिका: रागावली ना! लोकायले खोटं पाडाले निघाली होती, अन् खोटं आपल्याच ओसरीत बसून मेथी बांधून राह्यलं. थांबा, लिहू द्या.

नलूबाई: काय लिहून राह्यली?

गोपिका: 'माझी चूक झाली. कोणीही काही कापलेलं नाही. येसामाय पुस्तकात कधीच नव्हती. ती माझ्या मोठ्या बाबांनी मला सांगितली होती.' …टाकलं. गेलं.

अण्णाजी: हसतीन लोकं.

गोपिका: हसूनच राह्यले. हिंगणघाटचे मास्तर म्हणतेत, उद्या पवनारले येतो, मले त्या बत्तीस पानायची गोष्ट ऐकाची हाये.

अण्णाजी: येऊ दे. पण तू काऊन हसून राह्यली?

गोपिका: जीव भांड्यात पडला, मोठेबाबा! चार दिवस झोप नव्हती मले, येसामायचं काय करतीन म्हणून. पण ती त्यायच्यापाशी हायेच कोठं? आता तिले नथ नाई, नाच नाई. कोणाच्या बापाले तिले बिघडवता येत नाई.

अण्णाजी: माह्यंबी ओझं उतरलं बेटा. तू पेटीकडं गेली का मी तुले दुसऱ्याच कामाले लावत होतो.

नलूबाई: झाले ना दोघंबी पार? मंग हात चालवा. मेथी न्याची सकाळची पयली बस काई तुमच्या येसामायची नाव नोहे, थांबाले.

अण्णाजी: गोपे…

गोपिका: हं?

अण्णाजी: वर्ध्याले लागला का मले नेशीन का सिनेमाले? तो डोंगर पाहाचा होता.

गोपिका: तुमाले सोडून जाईन का मी? मधातल्या खुर्चीवर बसवीन. डोंगर पाहू, राक्षस पाहू, सारं पाहू. फक्त गरुड आला का मी डोळे मिटीन, अन् तुमी माह्या कानात नाव सोडजा.