सात वर्षांचा अबोला अन् दोन फळ्या

हसाचं असंन तं हसा, पण पुरं ऐकून घ्या. सुकदेव म्हणजे माहा चुलतभाऊ. पोळ्याच्या तोरणात त्यानं आपले बैल माह्या बैलाच्या पुढं घुसवले, तवापासून सात वर्षं आमचा अबोला. जो पयले बोलन तो हरला, हे दोघांलेही ठाऊक.

त्या हिवाळ्यात माहा जावई पलटणीतून सुट्टीवर आला. म्हणे, "मामाजी, काश्मिरात साठीचे साहेब पायाले फळ्या बांधून बर्फावरून घसरतात. जीव हलका होते म्हणे."

"रिकामे धंदे," म्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी म्याच फळ्यांले जवसाचं तेल चोपडलं अन् रोहिणखेडच्या टेकडीवर गेलो. वाळल्या गवतावरून असा सुटलो का बस! खाली पाहतो तं सुकदेव पाठमोरा गवत कापून राह्यला. अन् थांबाचं कसं, हे जावयानं सांगतलंच नव्हतं.

जोरानं खाकरलो. तो हालेना. मंग टेकडीलेच वरडून म्हटलं, "टेकडीबाई, त्या म्हाताऱ्याले सांग, सरक!"

तेवढ्यात धडकलोच. दोघंही गवतात.

सुकदेव हातातल्या विळ्याले म्हणे, "विळ्या, विचार त्याले, लय लागलं का?"

म्या म्हटलं, "फळीबाई, सांग त्याले, गुडघा सोलला."

तो उठला. माह्या पायाच्या फळ्या सोडल्या, आपल्या पायाले बांधल्या अन् सरळ माह्या डोळ्यात पाहून म्हणे, "आता तू खाली उभा राह्य बे."

पयले तो बोलला. म्या नाही.