चाळीस मिनिटांतले तीन शब्द

आई : फोटो ढीगभर आहेत हो बाई, पण माझ्या लेकीचा आवाज कुठेच नाही. तुम्ही इंग्रजीचा तास मोबाईलवर रेकॉर्ड करता, असं तीच सांगायची. म्हणून आले.

बाई : आधी बसा ना, ताई. तुमचा निरोप आला तेव्हाच सगळे तास ऐकून काढले मी.

आई : महिना झाला तिला जाऊन. घर खायला उठतं. तापातसुद्धा बडबड चालू होती. तिचे बाबा तिला रेडिओ म्हणायचे.

बाई : रेडिओ? माझ्या तासाला तर तोंडातून अक्षर काढायची नाही.

आई : सापडली का ती?

बाई : ताई, ते रेकॉर्डिंग माझंच होतं. प्रशिक्षणात सांगितलं होतं, तासाला आपण किती बोलतो आणि मुलं किती, ते मोजा. चाळीस मिनिटांत छत्तीस मिनिटं मीच. हसण्यावारी नेलं मी. म्हटलं, पोरांना येत नाही, मग बोलणार कोण?

आई : ते राहू द्या. ती आहे का त्यात?

बाई : एकदाच. आपल्या घरातल्या माणसांवर बोलायचं होतं.

आई : तो दिवस! आदल्या संध्याकाळी मी मशीनवर शिवत होते, तर म्हणाली, उद्या तुझ्यावर बोलणार आहे. काय ते सांगेना. म्हणे, आधी वर्गात, मग तुला.

बाई : तीनच शब्द आहेत. ‘माय मदर इज...’ आणि अडली.

आई : मग?

बाई : मग मी. ‘हाउसवाइफ. गुड. सिट डाउन.’

आई : मी तर कपडे शिवते, बाई.

बाई : मला ठाऊकच नव्हतं. विचारलंच नाही कधी. चोवीस वर्षं शिकवतेय, आणि दोन सेकंद थांबता आलं नाही मला.

आई : घरी आल्यावर विचारलं तिला, बोललीस का गं? तर म्हणाली, बाई बोलल्या.

बाई : ताई, कुठल्या तोंडानं माफी मागू?

आई : रडू नका. ती चिडली नव्हती तुमच्यावर. लावा ते.

(बाई मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावतात. ते संपतं.)

बाई : ताई... पाणी देऊ?

आई : नको. परत लावा. फक्त, तुमचा आवाज यायच्या आत बंद करा.