सेलेपाचे घर जळाले त्या सकाळचा जबाब

नाव: वाएलुआ पेनेतीतो. वय: एकसष्ट वर्षे. धंदा: तारो या कंदाची शेती, शिवाय गावचा सरकारी प्रतिनिधी, आणि गावसभेत थोरले मताई तामासेऊ यांचा वक्ता. राहणार: मौजे फालेसाऊ, सवाईई बेट, सामोआ.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, मला कोणी धरून आणलेले नाही. मी माझ्या पायांनी बसमध्ये चढलो. सार्जंट तुलियाबाई सुरुवातीलाच म्हणाल्या, "वाएलुआ, भाषण नको हं, हकीकत सांगा." त्यांचे बरोबर आहे. माझा जन्म भाषणे करण्यात गेला. कुठे वाहवत गेलो तर मला थांबवावे.

सेलेपा ही माझ्या मेहुणीची मुलगी. तिला आई नाही. नवरा न्यूझीलंडला फळबागेत कामाला आहे. अंथरुणाला खिळलेला बाप मालो आणि लहान मुलगी यांच्यासह ती चर्चच्या मागच्या घरात राहत होती. मागच्या महिन्यात संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी ती मुलीला पाठुंगळी घेऊन दवाखान्याकडे निघाली. मुलगी तापाने फणफणली होती. आमच्या गावात प्रार्थनेचा शंख वाजला की प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर कोणी दिसता कामा नये. गावची तरणी पोरे रस्त्याला पहारा देतात. त्या दिवशी पहाऱ्यावर थोरल्यांचा, म्हणजे तामासेऊंचा, मुलगा फिलीपो होता. त्याने तिला अडवले. ती म्हणाली, "पोरगी तापानं भाजतीय, देव काय माझ्यावर रागावणार आहे होय?" त्याने काठी घातली. तिचे मनगट मोडले. मारताना मी पाहिले नाही. मनगट मात्र पाहिले.

सेलेपाने पोलिसात तक्रार दिली. आमच्याकडे भांडण आधी गावसभेपुढे येते, म्हणजे आम्हा सगळ्या मताईंपुढे, घराण्यांच्या प्रमुखांपुढे. सभेला न विचारता पोलिसात जाणे म्हणजे गावाच्या तोंडाला काळे फासणे, असे सगळे मानतात. मीही मानत होतो. सभेने मला तिची समजूत घालायला पाठवले.

मी म्हणालो, "पोरी, तक्रार मागे घे. फिलीपोचे कान मी उपटतो."

ती म्हणाली, "काका, त्याचे कान उपटून माझं मनगट जुळतंय का? आणि तो थोरल्यांचा मुलगा नसता, तर असंच बोलला असतात का तुम्ही?"

मी तिला उद्धट म्हणालो. तिने एका हाताने करून दिलेला कोको प्यालो आणि घरी आलो.

तिने तक्रार मागे घेतली नाही, म्हणून तिला घरादारासकट गावाबाहेर घालवायचे असे सभेत घाटू लागले. तिला कुणकुण लागताच ती राजधानीला, आपियाच्या कोर्टात गेली. गेल्या सोमवारी सकाळी, मी सभेला निघालो असताना, तुलियाबाईंचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "न्यायाधीशांचा हुकूम झालाय. सुनावणी होईपर्यंत सेलेपाला हलवायचं नाही, घराला बोट लावायचं नाही. कागद दुपारच्या बोटीनं येतोय. तोवर सभेला तुम्ही सांगायचं. सांगाल ना?" मी म्हणालो, "म्हणजे काय! सरकारचा माणूस आहे मी." बाई समोरच बसल्या आहेत, त्यांना हे आठवते.

सभेच्या घरात प्रत्येक मताईचा खांब ठरलेला असतो. मी पोचलो तेव्हा सगळे आपापल्या खांबाला टेकून बसले होते आणि आवा, म्हणजे मुळ्या कुटून केलेले मानाचे पेय, गाळून झाला होता. आवाची करवंटी मानाने एकेकापुढे जाते. ती फिरून होईपर्यंत कामाचे कोणी बोलत नाही. मी मनाशी म्हटले, फिरू दे, मग सांगू. हुकूम आवाआधी सांगितला असता तर हा अनर्थ टळला असता, असे बाईंचे म्हणणे आहे. मी म्हणालो, बाई, रीत मोडायची नसते. पण छपराला आग लागली असती तर मी करवंटी थांबवली असतीच की. तेव्हा रीत ही माझी सबब होती, असे लिहावे.

करवंटी फिरून झाली. तामासेऊ माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "आज उरकून टाक." थोरले मताई सभेत भाषण करत नाहीत. त्यांच्या वतीने वक्ता उभा राहतो, आणि वक्ता बोलला की थोरले बोलले असे होते. मी लगेच उठलो नाही. कोर्टाचा हुकूम ओठांवर आला होता. तेवढ्यात पलीकडच्या खांबाचा लाफी, जो माझ्या वक्तेपणाच्या काठीवर डोळा ठेवून आहे, तो मोठ्याने म्हणाला, "काय वाएलुआ, भाचीचं नाव आलं की जीभ टाळ्याला चिकटते वाटतं? का बायको घरात घेणार नाही?" सभा खो खो हसली. थोरलेही हसले.

मी काठी घेऊन उभा राहिलो.

मी काय बोललो ते बाईंनी दोनदा विचारले. मी पूर्वजांची नावे घेतली. मग होडीचा दाखला दिला. एक फळी कुजली तर ती उपटून टाकावी लागते, फळीवर माया केली तर सगळी होडी बुडते, असे म्हणालो. सभेने वाहवा केली. लाफीनेसुद्धा केली. भाषण चांगले झाले, हेही लिहावे. हुकूम मी विसरलो होतो असे मी म्हणणार नाही. बोलताना तो मला सारखा आठवत होता. पण माना डोलत होत्या आणि मला थांबवेना. माझी मलाच किळस येते. शेवटी मी वक्त्याची चवरी खांद्यावर टाकली आणि बाहेर बसलेल्या पोरांकडे वळून म्हणालो, "जा, गाव स्वच्छ करा."

पोरे गेली. सभेत जेवण आले. मी जेवलो.

चर्चच्या मागे धूर दिसला तेव्हा मी उठलो. पोचेपर्यंत छप्पर खाली आले होते. पोरांनी मालोला चटईसकट उचलून फणसाच्या झाडाखाली आणून ठेवले होते. पोरे काही राक्षस नाहीत. परंतु त्याआधी घराचा खांब धरून ठेवला म्हणून त्याचे दोन्ही हात भाजले. तारोचे वाफे कापले होते. डुकरीण मारली होती. ही सगळी पोरे मी ओळखतो. त्यांची नावे वेगळी दिली आहेत. काडी फिलीपोने लावली, असे त्यांच्यातल्या दोघांनी मला सांगितले.

सेलेपा मुलीला कडेवर घेऊन उभी होती. रडत नव्हती. तिने मला विचारले, "काका, तुम्हाला फोन आला होता ना?"

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, "मलाही आला होता. सार्जंटबाई म्हणाल्या, घाबरू नकोस, तुझ्या काकांना सांगितलंय. मी आबांना घेऊन मावशीकडं निघाले होते. बांधलेलं बोचकं सोडलं मी. म्हटलं काका आहेत. केळी उकडायला टाकली."

मी घरी आलो. बायकोने माझे ताट वाढले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रीतीप्रमाणे माफी मागायला गेलो. बायकोच्या आईने बारीक विणलेली चटई डोक्यावरून घेतली आणि जळक्या घरापुढे मान खाली घालून बसलो. ज्याचा अपराध केला त्याने चटई उचलली तर माफी मिळाली, नाही उचलली तर बसून राहायचे. सेलेपा रात्री बापाजवळ दवाखान्यात होती. ती आली तेव्हा ऊन चांगले तापले होते. तिने धड हाताने चटई उचलली. मला हायसे वाटले. वाटले, चला, मिटले.

ती म्हणाली, "उठा काका. माफ केलं. हे तुमचं माझं झालं. आता पोलिसात जा."

मी म्हणालो, "अगं, चटई उचललीस ना?"

"उचलली की. पण मला माझ्या गावात राहायचंय. तुम्ही बोलला नाहीत तर उद्या आणखी कुणाचं घर पेटेल, आणि तिथंही तुम्ही चटई घेऊन बसाल. किती चटया आहेत मावशीकडं?"

ही गोष्ट तामासेऊंच्या कानावर गेली. ते माझ्या घरी आले. ते कधी कोणाच्या घरी जात नाहीत. म्हणाले, "वेडा आहेस का? विचारलं तर गावानं ठरवलं म्हण. गावाला काय बेड्या घालणार आहेत?" मी त्यांना म्हणालो, "थोरले, उरकून टाक असं तुम्ही म्हणाला होतात." ते म्हणाले, "ते कुणी ऐकलं?" मी ऐकले. म्हणून येथे सांगत आहे. कोर्टाच्या हुकुमाची मात्र त्यांना त्या वेळी खबर नव्हती. ती सभेत एकट्या मला होती. खोटे त्यांच्यावर ढकलणार नाही.

मीही आज सभेला न विचारता पोलिसात आलो आहे. याची शिक्षा काय असते ते मला ठाऊक आहे. ती सांगण्याचे काम माझेच होते. आता लाफी सांगेल. त्याला होडीचा दाखला साधत नाही. बायको म्हणाली, "जा तुम्ही. मी आवराआवर करून ठेवते."

हा जबाब तुलियाबाईंनी मला आमच्या भाषेत सावकाश वाचून दाखवला. त्यात "गावसभेने ठरवले व त्यावरून पोरांनी घर जाळले" असे एक वाक्य होते. मी ते खोडायला सांगितले. बाई म्हणाल्या, "राहू द्या ना, वाएलुआ. असं असलं तर तुम्ही साक्षीदार राहता. बदललं तर मला तुम्हाला आत घ्यावं लागेल." मी म्हणालो, "बाई, पोरं सभेचं ऐकून उठली नाहीत. माझं ऐकून उठली."

खोडलेल्या जागी आता "कोर्टाचा मनाईहुकूम माहीत असताना तो लपवून, वाएलुआ पेनेतीतो याने पोरांना जाण्यास सांगितले" असे लिहिले आहे. ते मी स्वतः वाचले. आता जबाब बरोबर आहे.