राशीवरची राणी कुणाच्या आगरात?

"हॅलो? … हॅलो! … हॅलोऽऽ!"

राहीने अशी काही आरोळी ठोकली की सुपारीच्या पोत्यावर झोपलेली मांजर टुणकन उडी मारून गल्ल्याखाली शिरली. एवढं ओरडायचं तर तार कशाला लागते, अलिबागेतून मुंबईला तसंच ऐकू जाईल, असं पेढीचे मालक अनंताशेठ म्हणाले. पण राहीला सवयच ती. घरी ओटीवर वाचायला बसली की भिंतीपलीकडून धर्माजीकाकांचा आवाज यायचाच, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नको, शाळेत जातेस ना, खणखणीत वाच! तिने टाचा उंचावल्या, कानाचं नळकांडं घट्ट दाबलं आणि भिंतीवरच्या पेटीला तोंड भिडवलं.

"हो, हो, मुंबईच… छापखाना का? … अहो बाई, तुम्ही मध्येच कुठे बोलताय… अच्छा, तुम्हीच ट्रंकवाल्या बाई! चुकलं हं. जोडा, जोडा."

मागे बाकड्यावर धर्माजीकाका बसले होते, मांडीवर पंच्यात बांधलेली पुरचुंडी. त्यांच्याशेजारी जमिनीवर मनुबाई, त्यांच्या आगरात सुपारी सोलणाऱ्या बायकांची म्होरकी. दोघांच्या नजरा राहीच्या पाठीला भोकं पाडत होत्या.

सगळं रामायण एका पुस्तकाने केलं होतं. मामाने रेवसच्या बोटीवरून आणलेलं 'राशीवरची राणी'. महिनाभर राही ते दिवेलागणीला मोठ्याने वाचत होती आणि बायका सुपारी सोलता सोलता ऐकत होत्या. ऐकून ऐकून अशा टरकल्या की दिवस कलल्यावर आगरात पाऊल टाकायला एक तयार होईना. रहाट थांबला, पाटाला पाणी नाही, कोवळ्या पोफळींचे शेंडे करपायला लागले. काकांनी पुस्तक हिसकावून कुलपात टाकलं, तेही शेवटचं एकच प्रकरण उरलेलं असताना, आणि फर्मान काढलं: वाचण्यानंच हे झालंय, सोमवारपासून शाळा बंद.

एरवी राही मुकाट रडली असती. पण या वर्षी ती इन्स्पेक्टरसाहेबांसमोर कविता म्हणून आली होती, तिची जीभ आता मोकळी झाली होती. ज्याने लिहिलंय त्यालाच विचारू या, म्हणाली. त्यावर काकांनी अट घातली. आपल्या आगरात भूत न्हाय, असं त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं तर शाळा. न्हायतर चूल.

"हॅलो, छापखाना? … मला काळूराम चांगदेव पाहिजेत. … लेखक हो, लेखक! … आहेत ना, पुस्तकाच्या मागच्या पानावर तुमचाच नंबर आहे… काय? अक्षरांचे खिळे जुळवणारा काळूराम? … हो, हो, तेच असतील. बोलवा ना. … हात शाईचे असू देत, टेलिफोनला दिसत नाहीत!"

ती वळून काकांकडे बघून हसली. काका हसले नाहीत.

"… नमस्कार! तुम्हीच का? 'राशीवरची राणी'वाले? … अहो, नाही, तक्रार नाही… म्हणजे आहे थोडीशी, पण आधी ऐका ना. मी राही. नागावची. सातवीत आहे. … वाचलं म्हणून काय विचारता, एकेक प्रकरण तीन-तीनदा वाचलं! शेवटचं सोडून, ते का ते सांगते पुढे. ते गलबत कोरड्या जमिनीवरून चालतं ना, वारा नाही तर म्हाताऱ्या माणसांचे उसासे शिडात भरून… तिथे आमच्याकडे सगळ्यांच्या हातातली सुपारी हातातच राहिली! आमच्यातल्या म्हाताऱ्या वेणूबाईने तर मुद्दाम एक उसासा सोडला, म्हणाली, माझाही लावा… हॅलो? ऐकताय ना? … मग गप्प का झालात?"

राहीचा आवाज आपोआप खाली आला.

"… पहिल्यांदाच? कुणीच नाही कळवलं? … एकानेही? … अहो, मग इतके दिवस… स्वतःच जुळवलंत? एकेक अक्षर? … आणि कागद? … उरलेसुरले तुकडे! म्हणून मधलीच काही पानं गुलाबी आहेत होय! आम्ही समजत होतो, राणी रागावली की पान गुलाबी होतं! … हसताय का रडताय? … नाही, कळत नाही तारेतून, दोन्ही सारखंच ऐकू येतं."

मनुबाईने तिच्या परकराचा काठ ओढला. मुद्द्याचं बोल.

"हं, तर तक्रार. तुमच्या राणीने आमचं आगर बंद पाडलंय. … आगर, आगर! … तुम्हीच लिहिलंय ना, दिवस कलला की आगराच्या बांधावर पांढरी रास दिसते, राशीवर ती बसलेली असते, केस मोकळे सोडून. … हो, पाठ आहे मला. तर आता आमच्या बायका आगरात जात नाहीत. ती पांढरी रास म्हणजे हाडं, म्हणतात. … कुणाची काय? ज्यांनी राणीकडे पाठ फिरवली त्यांची. … नाही, पुस्तकात नाही ते, मनुबाईने घातलंय. ती घालते थोडं थोडं पदरचं… आई गं! चिमटा काय काढतेस, खरं तेच सांगतेय!"

पेढीतला मापाडी फिसकन हसला. शेठनी घड्याळाकडे पाहिलं. राहीने एक मोठा श्वास घेतला.

"म्हणून तुम्ही फक्त एवढं सांगा, भूतबीत काही नाही, राणी खोटी आहे. बस. मग माझी शाळा… हॅलो? … काय? … असं कसं सांगता येत नाही? … अहो, पण… हो. … हो, ते मलाही माहीत आहे. खोटी नाहीच ती. मी रडलेय तिच्यासाठी, खोट्या बाईसाठी कोण रडेल? पण माझे काका मागे बसलेत ना!"

काय म्हणतोय तो, काकांनी विचारलं.

नळकांडं फक्त राहीच्या कानाला होतं. 'नाही म्हणतात, खोटी आहे म्हणतात', एवढं बोललं की सोमवारी दप्तर उचलून अक्षीची खाडी ओलांडायची, झालं. कुणाला कळणार होतं? त्या 'नाही'साठी जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. आणि तिला डोळ्यांसमोर तो माणूस दिसला, शाईच्या बोटांनी गुलाबी तुकड्यांवर एकेक अक्षर लावणारा, त्याच्या राणीला कुणी वाचलंय हे त्याला आज पहिल्यांदा कळलं होतं आणि त्यानंच आता तिला नाही म्हणायचं होतं.

"काका, ते म्हणतात… थांबा, अजून म्हणतायत. … हॅलो, बरोबर आहे तुमचं. मीही नसतं म्हटलं. … नाही हो, रडत नाहीये, तारेतून तसं ऐकू येतं. … बरं, मग निदान एवढं सांगा, ती बसते तरी कुठे? नक्की जागा कुठली? … उरण? … तुमच्या आज्याच्या आगरात? … पण उरणला सुपारी होते का एवढी? … नाही? … मग नारळ? … तेही नाही? मग आगरात असतं तरी काय तुमच्या? … काय? … खरखरतंय, मोठ्याने बोला! … मी?… मी काय? … मीठ?"

मापाडी माप खाली ठेवून पुढे सरकला.

"मीठ! अहो, मग मिठागर म्हणा ना! … तुमच्याकडे नुसतं आगरच म्हणतात? सगळेच? … अहो, इथे आगर म्हणजे नारळी-पोफळींची वाडी! माझी आई श्रीवर्धनची, तिकडेही तेच. आमच्या अख्ख्या मुलखाला अष्टागर म्हणतात, तुम्ही कधी… … नाही, नाही, चूक तुमची नाही. आणि आमचीपण नाही. … म्हणजे ती पांढरी रास मिठाची! मनुबाय, अगं ऐक ना, हाडं नव्हेत, मीठ! मिठाची रास! ती मिठावर बसते, उरणला!"

मनुबाईचा जबडा खाली आला. हाडांवर तिने महिनाभर मेहनत घेतली होती. मिठावर बसून करते काय बया, असं तिने जरा रागानेच विचारलं.

"दादा, मनुबाई विचारतेय, मिठावर बसून ती करते काय? … राखण! राखण करते गं, तिचं सगळं राज्य खाऱ्या पाण्याचं, ती स्वतः मिठाची… थांबा, थांबा, थांबा! दादा, तुम्ही लिहिलंय ना, गोड्या पाण्याचा थेंब तिला निखाऱ्यासारखा लागतो? गलबताच्या आधी, झऱ्यापाशी ती मागे फिरते तिथे? … हो ना? … मग आमच्या रहाटाचं पाणी तर गोडं! आगर शिंपलेलं असलं की तिला पाऊल टाकता येणार नाही! … येणारच नाही ना? … तुम्ही सांगताय ना तसं, आपल्या तोंडाने? … ऐकलंत काका? राणी खरी आहे, पण आपल्या आगरात यायची नाही. रोज शिंपलं तर!"

मनुबाई ताडकन उठली. रोज शिंपलं तर! आणि इथे रहाट किती दिवस कोरडा पडलाय! तिने पदर खोचला आणि काकांनाच फैलावर घेतलं: आता बसलाय काय, गाडी जुंपा, दिवस कलायच्या आत पाटाला पाणी सोडायला नको?

"… हो हो, बाई, ऐकलं, वेळ संपली… शेठ, अजून थोडंसं, हो म्हणा ना! … म्हणाले! बाई, तोडू नका. … दादा, शेवटचं प्रकरण मी वाचलेलंच नाही हो, पुस्तक काकांनी… काका? काय झालं?"

धर्माजीकाका उठून तिच्या शेजारी उभे होते. त्यांनी हात पुढे केला. आता हे त्या बिचाऱ्याला झापणार. तिने घाबरत नळकांडं दिलं. काकांनी ते आधी तोंडाला लावलं. राहीने हळूच कानाकडे वळवलं.

"हालो. … मी धर्माजी, पोरीचा चुलता. … व्हय, व्हय. मिठाचं समजलं. गोड्या पाण्याचंबी समजलं, त्ये ऱ्हाऊं दे. माझं इचारणं येगळं हाय."

काकांनी मागे वळून शेठकडे पाहिलं, मापाड्याकडे पाहिलं, आणि पेटीकडे आणखी झुकले.

"त्ये गलबत. … व्हय, कोरड्यावरलं. उसासे सरले, शीड पडलं, आन् दर्या अजून दूर… तितवर मी आयकलं. … न्हाय वो, मला कुठलं वाचाया येतंय. ही वाचती वटीवर. मी भिंतीपल्याड गोठ्यात असतो, बैलाला वैरण घालतो. … पडतं कानावर. … आता तुमी एवढं सांगा, त्ये गलबत पान्याला लागलं का न्हाय? … हालो? … ओ दादा! … हालो!"

राहीने त्यांच्या हातातून नळकांडं ओढून घेतलं.

"हॅलो! बाई, जोडा ना! बाई! … हॅलोऽऽ! … गेले."

मनुबाई दारात थबकली होती. म्हणजे गोठ्यात रोज इतका वेळ वैरण! बैल एवढा पोसला कसा ते आता कळलं, असं ती म्हणाली, पण हळूच. मांजर गल्ल्याखालून बाहेर आली.

काका बाकड्यावर बसले, पुरचुंडीची गाठ सोडली. आतून 'राशीवरची राणी' निघालं. लेखक वेडंवाकडं बोलला असता तर इथेच शेठच्या चुलीत टाकायला आणलं होतं म्हणे. त्यांनी ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि राहीपुढे धरलं.

"सोमवारी शाळा हायच," ते म्हणाले. "तवर दम निघायचा न्हाय मला. ह्येवढं आत्ता वाच."

राहीने नळकांडं खुंटीला अडकवलं. शेवटचं प्रकरण उघडलं, पान गुलाबी निघालं. तिने घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला आणि आरोळीच्या तयारीने तोंड उघडलं.

"वरडू नको," काका म्हणाले. "भिंत न्हाय आता मधी."