तोंड वळवणारी माणसं

—थांबा ना बेटा, उघडतो तोंड, घाई काय आहे? छातीत नळी घातली आहे माझ्या, फुप्फुसाभोवतीचा पू त्या बाटलीत उतरतोय — आणि पाठवतात कोणाला, तर दातांच्या डॉक्टरला! सकाळी तुमच्या साहेबांवर हसलोच मी. म्हणाले, सर, हिरड्या सडल्यात, तिथलेच जंतू छातीत उतरले असावेत. असावेत! म्हणजे नक्की नाही ना? — बरं, असेल. मीही डॉक्टरच हो, पण संत्र्यांचा. मूळकुजीवर पीएच.डी. आंजीच्या बागांमधून सांगत हिंडायचो, नुसती पानं पाहू नका, खाली उकरून पाहा. आणि स्वतःच्या — जाऊ द्या. हा शेजारच्या खाटेवरचा लखन, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन दात काळे झालेले, तो विचारतो, ‘सर, तुमी तं खर्रा खात नाई, मंग तुमाले काऊन झालं?’ काय सांगू? दुखत नव्हतं हो. दात हलायचे, रक्त यायचं, म्हटलं वय झालं.

बायको असती तर तोंडावर बोलली असती. सून नाही बोलली. ज्योत्स्ना — ती काय, बाहेर बाकावर बसली आहे, डबा घेऊन. तिनं काय केलं? ‘बाबा, तुमचं ताट व्हरांड्यात वाढते, तिथं हवा येते.’ हवा! आणि बोलताना ओढणी नाकाशी. मी शिकलेला माणूस, मला कळत नाही? म्हातारा जड झाला, दुसरं काय! मुलाला, गजेंद्रला म्हटलं, तुझी बायको मला कुत्र्यासारखं बाहेर जेवू घालते. सिंदी मेघेमधलं त्यांचं घर सोडलं, नाचणगावला खोली घेऊन एकटा राहिलो. तो बिचारा — बिचारा कसला! मुलानं तरी सांगायचं ना, बाबा, तोंडाला वास येतो. एवढंच वाक्य. सांगितलं असतं तर ऐकलं असतं मी? — नसतं बहुतेक.

रोज येते ती. मी तोंडावर चादर घेऊन बोलतो. म्हटलं, आज तुम्ही साफ करून द्याल, मग तिला जवळ बसवीन, विचारीन — घरी नेशील का? एवढंच विचारायचं आहे. — हो, हो, घ्या. आ—

...वळवलीत. मास्क असून मान वळवलीत तुम्ही. की उजेडासाठी वळलात? खरं सांगा. — नको, राहू द्या. उचला ते सामान. आणि जाताना तिला म्हणा, बाबा झोपलेत. डबा आत ठेवून जा म्हणा — नाही, तोही नको.