कुणाचा ब्वांबाले

अरे, आधी जेव, मग बोल. तोंड काय पळून जातंय? हा बुंदूचा गोळा घे, कसाव्याच्या पिठाचा, गरम आहे, आणि हा त्याचाच पाला — पलीकडं तुम्हीही हेच खाता, ठाऊक आहे मला, एकाच रक्ताची माणसं आपण, मधे डोंगर आला म्हणून काय झालं? कुणी साहेबानं म्हणे शिखराच्या डोक्यावरून रेघ मारली, अर्धं युगांडाचं, अर्धं काँगोचं. माझा नवरा पाहुण्यांची ओझी घेऊन वर जायचा, तो म्हणायचा — बिरा, वर रेघबिघ काही नाही गं, नुसतं बर्फ आणि कान कापणारा वारा. गेला बिचारा, अंथरुणातच गेला, ते एक बरं. तुझं नाव काय म्हणालास? कासेरेका. म्हणजे तिसरा. म्हणजे तुझ्या आईला तुझ्या आधीचे दोन आहेत — असतील ना? नको, सांगू नकोस. जेव तू.

आता तू दारातच म्हणालास — बर्फ मागं हटलं, खडकाखाली एक माणूस सापडला, कमरेला सुरी, मुठीवर तापल्या तारेनं नाव कोरलेलं, ब्वांबाले. बरं मग? वरून उतरलं की पहिलं घर माझं लागतं, म्हणून तू इथं आलास, एवढंच. ब्वांबाले काय एकच आहे? दुसरा मुलगा झाला की ब्वांबाले, तुमच्याकडं कांबाले — इथं उभं राहून हाक मारलीस तर घरटी एक डोकं बाहेर येईल! काबुघोचाच आहे की — नाही, तो नसेल, ऐकतोयस ना ठोकाठोकी, तोच छपरावर बसलाय. इथुंगूचा — तो कासेसेला असतो, परवाच आईला चपला घेऊन आला होता, मिरवतेय ती. आणि शाळेजवळच्या घरातला — त्याला तर मागच्या पावसाळ्यात आम्हीच माती दिली. म्हणजे, असं बघ — आणखी असतील. खालच्या गावात असतील. ब्वांबालेंना काय तोटा!

माझा? माझा तुमच्याकडंच आहे. चांगला सुखात आहे. तुमच्या बाजूची मुलगी ठरली होती त्याची, खाली रस्त्यावर बंदुका, नाका बंद, म्हणून म्हणाला वरून जातो — बापाची बर्फावरची वाट पायाखालची होती त्याच्या. गेला, आता संसारात पडला. आई कशाला आठवतेय! पोरंही झाली असतील. पहिली मुलगी असली तर मासिका, पहिला मुलगा असला तर तुमच्या रीतीनं पालुकू — बघ, नातवंडाचं नाव कळायला मला निरोपसुद्धा लागत नाही. तिच्याकडून? नाही, तिच्याकडून काही आलं नाही. एकदा आलं होतं — तो पोचला का, असं विचारत होती. वेडी आहे पोरगी.

घे, अजून पाला घे. दरसाल ते परदेशी येतात, बर्फ मोजतात, हळहळतात. आमचे म्हातारेही तेच म्हणतात — किथासांबा घर सोडून चाललाय, बर्फ गेलं की देव गेला, देव गेला की नदी गेली. त्या गवताच्या खोपटात सगळे कोंबडं ठेवतात त्याच्यापुढं. मीही ठेवते. पण मी नदीसाठी नाही मागत. मी म्हणते, बाबा, बर्फ राहू दे. जे आत आहे ते आतच राहू दे, माझे डोळे मिटेपर्यंत तरी — काय म्हणाले मी? काही नाही. म्हातारीचं तोंड, काहीही बडबडतं.

ती सुरी आत ठेव. गुंडाळलेलीच राहू दे, मला नको दाखवू. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे, होय ना? सगळेच बांधतात, हात घसरू नये म्हणून. आणि पात्याचं टोक मोडलंय — फणस फोडताना मोडलं, मी ओरडले होते त्याला, कुऱ्हाड काय मेली होती का — मान कशाला हलवतोस? टोकं सगळ्यांचीच मोडतात. फणस सगळ्यांच्याच दारात आहेत.

झालं ना पोट भरून? हात धू. ऊठ आता. असाच खाली जा वाट धरून, विचार, ब्वांबालेच्या आईचं घर कुठलं. सापडेल कुणीतरी, रडेल बिचारी. आणि कुणी वर बोट केलं, ह्या घराकडं, तर सांग, म्हातारीला विचारलं, ती म्हणाली तिचा नाही. असा बघू नकोस माझ्याकडं. निघ म्हटलं ना. जा —

थांब. ती सुरी ठेवून जा.